बॉम्बर विमानांच्या प्रिंट्स जमवताय? फ्रेमवाल्याकडे जायच्या आधी या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सॲपवर कुणीतरी एक फोटो टाकतं. लँकेस्टर नाहीतर बी-१७ (दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बर, पहिलं ब्रिटिश, दुसरं अमेरिकन) यांच्या चित्राची प्रिंट, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय, आणि खाली एकच ओळ, "दादा, ओरिजिनल आहे का? किती द्यावेत?" फोटोत नुसतं विमान असतं. खालची पांढरी पट्टी क्रॉप केलेली. अहो, विमान काय, कुठल्याही कॅलेंडरवर मिळतंय की! सही, नंबर (किती प्रतींपैकी कितवी ते), पब्लिशरचा शिक्का, जे काय पैसे मोजायचे ते सगळं त्या पांढऱ्या मार्जिनमध्ये असतं आणि नवीन माणूस नेमका तेवढाच भाग सोडून बाकी सगळं बघतो. एकच गोष्ट शंभरदा टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

मार्जिन छाटणं (हे वाचून तरी करू नका)

आपल्याकडं सोलापुरात फ्रेमवाला म्हणजे देवाचे फोटो, लग्नाचे फोटो आणि रिटायरमेंटची मानपत्रं करणारा माणूस. त्याची चूक नाही, त्याला तेवढंच काम येतं आणि ते तो झकास करतो. पण त्याच्यासाठी कागद म्हणजे फोटो, आणि फोटोच्या कडेची पांढरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं टॉवेलचं युनिट आहे. त्याच्या मेव्हण्यानं इंग्लंडहून येताना बी-१७ ची मोठी प्रिंट आणली, खाली आर्टिस्टची पेन्सिलनं सही, शेजारी त्या विमानांवर प्रत्यक्ष उडालेल्या म्हाताऱ्या क्रू मेंबर्सच्या सह्या, कोपऱ्यात नंबर. मी मेव्हण्याच्या घरी बघितली होती, हात लावायची पण भीती वाटावी अशी वस्तू. मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत तोंडावर आलेली, त्याला ती हॉलमध्ये लावायचीच होती, म्हटलं थांब, पुण्याहून बोर्ड मागवू, मी बसवून देतो. पण थांबणार कोण? गेला आणि गावातल्या एका फ्रेमवाल्याकडं टाकून आला.

वास्तुशांतीला गेलो. जेवायच्या आधी मला हाताला धरून हॉलमध्ये नेलं. सोनेरी फ्रेम, त्यात विमान अगदी फ्रेमच्या कडेला भिडलेलं, वरून चकाचक लॅमिनेशन आणि मागं हार्डबोर्डला गोंदानं गच्च चिकटवलेलं. मार्जिन गायब. म्हटलं सह्या कुठायत बे? तर म्हणतो, "अरे खरंच की, कुठं गेल्या?" तसेच उठून दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे सांगितलं, "साहेब, अठरा बाय चोवीसची फ्रेम तयार होती, पांढरा कागद फालतू जात होता, छाटून टाकला. आता फोटो मोठा दिसतोय की." टेबलाखालच्या कचऱ्यात ती पट्टी सापडली. सह्यांच्या वरच बॉलपेननं कुणाचा तरी हिशेब लिहिलेला, मोल्डिंग बारा फूट, काच एक, हूक दोन. मित्र मला विचारतो, "ही परत चिकटवता येईल का बे?" आता काय बोलणार. ती पट्टी त्याच्याकडं प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे अजून, आणि विमान भिंतीवर आहे, दोन्हीला मिळून रद्दीवाला पण भाव देणार नाही.

तर माझी पद्धत सांगतो, शास्त्र वगैरे माहीत नाही, मी असं करतो. फ्रेमवाल्याकडून फक्त फ्रेम आणि काच घ्यायची, प्रिंट त्याच्या दुकानात न्यायचीच नाही, माप कागदावर लिहून न्यायचं. माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये प्रिंटला लावायचा जाड पुठ्ठा, ॲसिड-फ्री पाहिजे, तो सोलापुरात हाताशी मिळेलच असं नाही, मागवावा लागतो. प्रिंट बोर्डवर पसरून चिकटवायची नसते, वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी टांगायची, म्हणजे कागदाला हवेप्रमाणं आकसायला-पसरायला जागा राहते. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. सुताला खळ देणाऱ्या गावाला खळ कशी शिजवायची ते मी शिकवायला नको. ती पाण्यानं सुटते, उद्या फ्रेम बदलायची झाली तर प्रिंटला काही होत नाही. फेविकॉल, डबल साइड टेप, सेलोटेप यातलं काहीही नको, टेपचा डिंक पुढं पिवळा पडतो आणि कागदात उतरतो, मग तो डाग कुणाच्या बापाला निघत नाही. मागं हार्डबोर्ड नको, त्यातलं ॲसिड कागद तपकिरी करतं. आणि लॅमिनेशन? लॅमिनेशन रेशनकार्डाला करा.

मेलेल्या माणसाची सही विकत घेणं

हसू नका, हे रोज होतंय. जुळे सोलापूरचा एक इंजिनीअरिंगचा पोरगा, हुशार आहे, पण घाई अशी की बास. ऑनलाइन कुणीतरी डॅमबस्टर्सची प्रिंट काढली होती, "गाय गिब्सन यांची स्वहस्ताक्षरित", सोबत सर्टिफिकेट. पोरगा पैसे ट्रान्सफर करायच्या बेतात. मी एकच विचारलं, गिब्सन गेला कधी?

गिब्सन म्हणजे १६-१७ मे १९४३ च्या रात्री ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर घेऊन जर्मनीतली धरणं फोडायला गेलेला विंग कमांडर, डॅमबस्टर्स म्हणतात ते हेच लोक. तो १९ सप्टेंबर १९४४ ला मॉस्किटो विमानातून मोहिमेवरून परतताना हॉलंडमध्ये कोसळून मेला, वय २६. आणि पेन्सिल सह्यांच्या, नंबर टाकलेल्या या वैमानिकांच्या प्रिंट्सची पद्धत रुळली १९७० च्या दशकाच्या आसपास आणि त्यानंतर. मग सही केली कुणी, भुतानं? पोरगा म्हणतो, "पण सर्टिफिकेट आहे ना." सर्टिफिकेट काय, घरच्या प्रिंटरवर मी तुला शिवाजी महाराजांच्या सहीचं पण काढून देतो.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर मी वर्षं लिहून ठेवलीत, सरळ उतरवून घ्या. धरणांवर टाकलेला, पाण्यावर उसळत जाणारा बाउन्सिंग बॉम्ब काढणारे बार्न्स वॉलिस १९७९, डॅमबस्टर्सचे पायलट मिक मार्टिन १९८८, पुढं ६१७ स्क्वाड्रनचे कमांडर झालेले लिओनार्ड चेशायर १९९२, टोकियोवर पहिला हल्ला करणारे जिमी डूलिटल १९९३, मेम्फिस बेल या बी-१७ चे पायलट रॉबर्ट मॉर्गन २००४, हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या एनोला गेचे पॉल टिबेट्स २००७, डॅमबस्टर्सचेच लेस मन्रो २०१५, आणि डॅमबस्टर्सपैकी शेवटचे जॉनी जॉन्सन डिसेंबर २०२२. प्रिंट कधी छापली ते वर्ष बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात असतं. छपाईचं वर्ष मृत्यूच्या नंतरचं असेल तर बहुतेक वेळा विषय तिथंच संपला.

एक पळवाट मात्र खरी आहे. कधीकधी जुन्या पत्रावरची नाहीतर कार्डावरची अस्सल सही कापून प्रिंटच्या खाली माउंटमध्ये वेगळ्या खिडकीत बसवलेली असते. ती अस्सल असू शकते, पण ती प्रिंटवरची सही नाही, आणि विकणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. गिब्सनची अशी सही कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

भिंग न वापरणं

हे तर सोलापूरकरांनी करूच नये. कापडाच्या इंचात धागे किती ते मोजायचं घडीचं भिंग, पिक ग्लास, कुठल्याही लूमवाल्याच्या टेबलाच्या खणात पडलेलं असतं. तेच घ्या, प्रिंटवर ठेवा. ऑफसेट छपाई असेल तर चार रंगांचे ठिपके फुलासारखे गोल गोल जमलेले दिसतात. हे बघून लगेच "डुप्लिकेट आहे!" म्हणून ओरडू नका, चित्रात ठिपके असणारच, सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बहुतेक चांगल्या लिमिटेड एडिशन (मोजक्याच प्रतींच्या प्रिंट्स) ऑफसेटच आहेत. जिक्ले, म्हणजे इंकजेटनं काढलेली प्रिंट, असेल तर ठिपक्यांची फुलं दिसत नाहीत, बारीक फवारा मारल्यासारखं दिसतं.

भिंग न्यायचं ते सहीवर. सही ठिपक्यांची बनलेली असेल तर ती छापलेली आहे. खरी पेन्सिल तिरक्या उजेडात जरा चमकते, कागदाच्या खडबडीत दाण्यांवर शिशाची पूड बसलेली दिसते आणि दाबलेल्या जागी कागद किंचित खोल गेलेला असतो. पुष्कळ प्रिंट्सवर आर्टिस्टच्या दोन सह्या असतात, एक चित्रातच रंगवलेली, जी छपाईत आपोआप येते, आणि एक खाली मार्जिनमध्ये हातानं केलेली. पहिली दाखवून दुसरीचा भाव लावणारे भरपूर आहेत.

कूलरसमोर फ्रेम

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४४ डिग्री, हवा कोरडी ठणठणीत, आणि हॉलमध्ये भलामोठा कूलर. दिवसभर ओली हवा, रात्री बंद केला की परत कोरडं. प्रिंट काचेला चिकटून बसवलेली असेल तर तिला लाटा येतात, मग काचेला चिकटते, मग ओढताना शाई निघते. म्हणून काच आणि प्रिंट यांच्यात माउंटची जाडी पाहिजे आणि फ्रेम कूलरच्या तोंडासमोरच्या भिंतीवर नको. पश्चिमेच्या खिडकीसमोर पण नको. पेन्सिलच्या सह्या उन्हानं उडत नाहीत, पण आकाशाचा निळा उडतो आणि स्केचपेननं केलेल्या सह्या तर बघता बघता जातात. घरच्यांना सांगून ठेवा, काच पुसताना कॉलिन कपड्यावर मारायचं, काचेवर नाही, खालच्या फटीतून आत जातं.

आणि मागच्या बाजूला कागदी टेप लावून बंद करा. धूळ आणि कसर दोन्ही तिथूनच शिरतात.

नळी उघडायची घाई

कुरिअर उन्हातून आलं, की दारातच कात्री. नळी आधी एक दिवस घरात आडवी पडू द्या. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं गुंडाळलेला जाड कागद एकदम उलटा ताणला की अर्धचंद्रासारखी घडी पडते आणि ती आयुष्यभर जात नाही. काढताना आतून धरून गुंडाळी फिरवून घट्ट आवळा आणि मग काढा, ओढून नको. सपाट करायला वर-खाली स्वच्छ कोरे कागद आणि त्यावर वजन. पेपरात गुंडाळू नका, शाई उतरते. चादरी वजनाला चालतील पण मध्ये जाड पुठ्ठा घाला, नाहीतर लँकेस्टरच्या पंखावर चादरीची वीण उमटेल.

बारक्या-सारक्या

नंबर १/५०० मिळाला म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. ऑफसेटमध्ये पहिली आणि पाचशेवी सारखीच, आणि सही करताना गठ्ठा कुठून उचलला त्यावर नंबर पडतो.

५०० ची एडिशन म्हणजे जगात ५०० च, असं नाही. आर्टिस्ट प्रूफ आणि पब्लिशर प्रूफ (आर्टिस्टच्या आणि पब्लिशरच्या वाट्याच्या जादा प्रती), रेमार्क केलेल्या, सगळ्या त्या ५०० च्या वरच्या. रेमार्क म्हणजे मार्जिनमध्ये आर्टिस्टनं हातानं काढलेलं छोटं चित्र, परवडत असेल तर मी त्यालाच पैसे देईन.

परदेशातल्या विक्रेत्याला "गिफ्ट लिहा, किंमत कमी टाका" सांगणारे महाभाग. पार्सल हरवलं की विमा पण तेवढ्याचाच मिळतो, मग रडायचं नाही.

पहिली प्रिंट घ्यायच्या आधीच "रीसेल किती येईल" विचारणाऱ्यांनी सरळ एफडी करावी. सोलापुरात ही प्रिंट विकायला गिऱ्हाईक कुठून आणणार, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावणार का?

विमान ओळखता न येणं

याला मला खरं तर राग येतो, कारण हे फुकट शिकता येतं. धरणं फोडणाऱ्या लँकेस्टरच्या पाठीवरचा मधला टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) काढून टाकलेला होता, चित्रात तो असेल तर आर्टिस्टनं अभ्यास केलेला नाही. मेम्फिस बेल हे बी-१७ एफ, तिला नाकाखाली चिन टरेट नाही, तो जी मॉडेलपासून नेहमीचा झाला. डी-डेचे (जून १९४४, नॉर्मंडीवर उतरण्याच्या वेळचे) काळे-पांढरे पट्टे चार इंजिनांच्या हेवी बॉम्बरवर मारलेलेच नव्हते, तरी असे लँकेस्टर रंगवून विकणारे आहेत. आणि सगळ्या लँकेस्टरना मर्लिन इंजिन नव्हतं, मार्क टू ला गोल तोंडाचं हर्क्युलिस इंजिन होतं, ते बघून "हे हॅलिफॅक्स आहे" म्हणून भांडायला येऊ नका, आधी शेपटी आणि नाक नीट बघा.

सगळेजण लँकेस्टर आणि बी-१७ च्याच मागं आहेत, पण आपल्या हवाई दलाकडं पण लिबरेटर (बी-२४, अमेरिकन बॉम्बर) होती हे कितीजणांना माहितीय? युद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली बी-२४ विमानं बंगळूरच्या एचएएलच्या लोकांनी दुरुस्त करून उडवली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबर स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली आणि ही विमानं १९६८ पर्यंत सेवेत होती. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममधलं लिबरेटर आपणच दिलेलं आहे. त्यांच्या प्रिंट्स फार कमी दिसतात, आणि दिसल्या तरी विकणारा "आरएएफ, बर्मा" एवढंच लिहितो. तेव्हा अंगावर आपल्या हवाई दलाची खूण आहे का आणि सिरीयल नंबर एचई नं सुरू होतो का ते झूम करून बघा, मगच भाव विचारा, आणि विचारताना जास्त उत्साह दाखवू नका, समोरचा लगेच वाढवतो.