भिंतीची थरथर थांबवताना: प्रतिसादी वास्तुरचनेत नव्याने येणाऱ्यांसाठी

माझी पहिली 'हुशार' भिंत उद्घाटनाच्या संध्याकाळी थरथर कापत होती. पातळ प्लायच्या साठेक पाकळ्या, प्रत्येकीमागे एक छोटी सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी. माणूस जवळ आला की पाकळ्यांनी फुलायचं, लांब गेला की मिटायचं. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात पाहुणे नेमके एक मीटरवर उभे राहून गप्पा मारू लागले आणि मी प्रोग्रॅममध्ये मर्यादाही एक मीटरचीच ठेवली होती. सेन्सर कधी ९९ सेंटिमीटर सांगे, कधी १०१. पाकळ्या उघड-मीट, उघड-मीट. काहींनी वाहवा केली, त्यांना तो डिझाइनचाच भाग वाटला. मी मोटरी जळायची वाट बघत मागे उभा होतो.

उपाय दोन ओळींचा निघाला. उघडायची मर्यादा ९० सेंटिमीटर, मिटायची १३०. मधल्या पट्ट्यात माणूस असेल तर भिंतीने आहे तसंच राहायचं. याला हिस्टेरेसिस म्हणतात. घरातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅटही असाच चालतो, नाहीतर कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होत राहिला असता. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकताना हा शब्द एकदाही कानावर पडला नव्हता.

माणसाला असा प्रतिसाद देणाऱ्या रचनांच्या क्षेत्रात यायचं म्हणणारे बहुतेक जण मला आधी विचारतात, कोणतं एआय मॉडेल शिकू? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. आधी एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि एक सेन्सर घ्या, आणि त्याला फसवा. पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो, त्यामुळे निवांत वाचत बसलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच. आवाजाच्या लाटांनी अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरसमोर जाड लोकरी कपडे घालून उभे राहा. आवाजाची लाट कापडातच मुरते आणि आकडे वेडेवाकडे येतात. सेन्सर कुठे खोटं बोलतो हे हाताला कळल्यावरच कॅमेऱ्याकडे वळा. मीडियापाइपसारखं तयार मॉडेल शरीरावरचे ३३ बिंदू ओळखून देतं. त्यावरून माणूस येतोय की जातोय, थांबलाय की नुसता ओलांडून चाललाय, एवढं काढता आलं तरी पुष्कळ. एआयचं बरंचसं काम इथेच असतं. पुढे काय करायचं हा निर्णय अजून तुमचाच असतो.

तो निर्णयही यंत्रावर सोपवायचा मोह मला एकदा झाला. रीइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे यंत्राला गुण देत देत शिकवण्याची पद्धत, वापरून केलेली एक छताची रचना होती. खाली माणूस जितका जास्त वेळ थांबेल तितके गुण, असा मी हिशोब ठेवला. आठवडाभरात छत एक गोष्ट पक्की शिकलं: अर्धवट उघडायचं आणि तिथेच रेंगाळायचं. आता पूर्ण उघडेल या आशेने लोक माना वर करून उभे राहत. आकड्यांत प्रयोग कमालीचा यशस्वी होता. खरं तर छत लोकांना ताटकळत ठेवायला शिकलं होतं. चूक मॉडेलची नव्हती, मी जे मोजायला सांगितलं तेच त्याने वाढवलं.

यानंतर मी जुनं वाचायला घेतलं आणि थोडा खजील झालो. १९६८ साली लंडनच्या 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' प्रदर्शनात माणूस आणि यंत्र यांच्यातल्या संवादाचे ब्रिटिश अभ्यासक गॉर्डन पास्क यांनी छताला टांगलेली पाच यंत्रं मांडली होती. ती प्रकाश आणि आवाजाने एकमेकांशी बोलत आणि प्रेक्षक टॉर्च किंवा आरसा घेऊन त्या संभाषणात नाक खुपसू शकत. कोणी आलं नाही तरी यंत्रांचं आपापसांत चालूच. ब्रिटिश वास्तुविशारद सेड्रिक प्राइस यांचा 'जनरेटर' हा सत्तरच्या दशकातला प्रकल्प तर मला आजही पुढचा वाटतो. हलवता येतील अशा खोल्या, आणि जॉन व ज्युलिया फ्रेझर यांनी त्यासाठी आखलेली संगणक व्यवस्था. राहणाऱ्यांनी फार दिवस काही बदललं नाही, तर इमारतीला कंटाळा यावा आणि तिने स्वतःच नवी मांडणी सुचवावी! ते बांधलं गेलं नाही. पण माझ्या छताने माणसाला धरून ठेवलं, 'जनरेटर' त्याला पर्याय सुचवणार होता. हा फरक मला तेव्हा कळला.

चेहऱ्यावरून भावना ओळखण्याबद्दल थोडं. प्रेक्षक हसला की भिंत गुलाबी, असले प्रस्ताव विद्यार्थी हमखास आणतात. माणूस संकोचाने हसतो, रागातही हसतो. कॅमेऱ्याला फक्त ओठांचा आकार दिसतो. युरोपीय संघात तर फेब्रुवारी २०२५पासून कामाच्या आणि शिक्षणाच्या जागी एआयने भावना ओळखण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं सोडता, बंदी आहे. मी कॅमेऱ्याचं चित्र साठवतच नाही. बिंदू काढायचे आणि चित्र तिथल्या तिथे टाकून द्यायचं.

एक कारागिरीची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मोटर हलायला दोन-तीन सेकंद घेते, आणि तेवढ्यात माणूस 'बंद दिसतंय' म्हणून पुढे निघून जातो. म्हणून हालचालीआधी लगेच, सेकंदाच्या दहाव्या भागात, एक बारीकसा दिवा उजळू द्या. कुणीतरी आपली दखल घेतली एवढं कळलं की लोक थांबतात.

शिक्षणाचं म्हणाल तर लंडनच्या बार्टलेट या वास्तुकलेच्या शिक्षणसंस्थेत 'डिझाइन फॉर परफॉर्मन्स अँड इंटरॅक्शन' असा या कामाला वाहिलेला अभ्यासक्रम आहे. पण पदवीपेक्षा पोर्टफोलिओ बोलतो. त्यात चकचकीत रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेली चित्रं, कमी आणि खरी माणसं रचनेपुढे गोंधळलेली दिसतील असे व्हिडिओ जास्त ठेवा. मी कोणाला कामावर घेताना तेच आधी बघतो. थोडी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, ग्रासहॉपर हे नियमांवरून आकार घडवणारं सॉफ्टवेअर आणि स्वच्छ सोल्डरिंग, एवढ्यावर सुरुवात होते.

आणि देखभाल. पॅरिसमधल्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटच्या दक्षिण दर्शनी भागावर वास्तुविशारद जाँ नुव्हेल यांनी १९८७ साली प्रकाशानुसार उघडझाप करणाऱ्या धातूच्या झडपा बसवल्या. इमारत जगप्रसिद्ध झाली, पण कित्येक झडपा पुढे बंद पडून राहिल्या. हलणारा प्रत्येक भाग कधीतरी अडकतो, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. माझ्या भिंतींना आता मागच्या बाजूला एक साधं लाल बटण असतं. ते दाबलं की सगळ्या पाकळ्या अर्ध्या उघड्या स्थितीत थांबतात आणि भिंत नुसती भिंत होते. काम सोपवताना मी ते बटण आधी तिथल्या झाडलोट करणाऱ्यांना दाखवतो. बंद पडल्याचा पहिला फोन त्यांचाच येतो.