कोकणात परसातल्या कोंबड्या रात्री कशा राखाव्यात

सकाळी खुराडं उघडल्यावर एक कोंबडी कमी भरली की घरात पहिलं नाव निघतं बिबट्याचं. तो कोंबडी नेतोही, पण परसातला रोजचा डल्ला बहुतेक उदमांजर, रानमांजर, कोल्हा, घूस, साप आणि वाडीतल्याच मोकाट कुत्र्यांचा असतो. मुंगूस दिवसा येतं, त्याचा विचार इथे नको.

आधी खुणा बघा. कोंबडी गायब आणि पिसांची रेघ झाडीकडे गेलेली, तर कोल्हा किंवा कुत्रा. कोंबडी आतच पडलेली, मान-डोकं खाल्लेलं, तर संशय उदमांजरावर, म्हणजे कांडेचोरावर. पिल्लं नाहीत आणि भिंतीच्या बुडाशी ताजी उकरलेली माती, तर घूस. रक्त नाही, झटापट नाही, पिल्लं किंवा अंडीच कमी, तर साप. अजगर कोंबडी गिळून फुगला की आल्या भोकातून त्याला परत जाता येत नाही आणि तो सकाळी आतच सापडतो. खुणा फसवतातही, पण भोक कुठे शोधायचं ते त्यांच्यावरून कळतं. खरी राखण भोकं बुजवण्यातच आहे.

खुराडं घराच्या भिंतीला लागून, आवाज ऐकू येईल असं असावं. गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाला, टेकवू नका. चिऱ्यांच्या सांदीत उंदीर राहतात, उंदरांमागे साप येतात. माशांची खवलं-आतडी परसात टाकायची सवय असेल तर ती मोडा. कोल्हा, कुत्रा, रानमांजर सगळ्यांना तो वास लांबून खेचतो. मे महिन्यात फणस-आंबे झाडाखाली कुजत पडले की उदमांजर फळांसाठी येतं आणि वाटेत खुराडं हुंगून जातं.

जाळी घेताना लोक हमखास चुकतात. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्या-कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, ते ती दातांनी फाडतात. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी घ्या, शक्यतो वेल्डिंगनंतर जस्त चढवलेली, कारण खाऱ्या हवेत साधी जाळी लवकर गंजते. ती चौकटीला खिळे वाकवून नको, वायसर आणि स्क्रूने आवळा. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून मासे ओढायचं, जुनं जाळं दिवसा घारीपासून वाचवायला वरून ताणलं तर ठीक, रात्री त्याचा उपयोग नाही. शिवाय धामण त्यात अडकून मरते.

जमिनीकडे या. घूस आणि कोल्हा उकरूनच येतात. माती मऊ असेल तर जाळी फूटभर खोल गाडा. खाली कातळ असेल आणि पहार चालत नसेल, तर तीच जाळी भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर जमिनीवर पसरून वर चिरे ठेवा. जनावर नेहमी भिंतीच्या अगदी बुडाशीच उकरायला लागतं, तिथे जाळी लागली की बहुधा सोडून देतं.

कौलांवर भरवसा ठेवू नका. उदमांजर झाडावरून छपरावर उतरतं आणि मंगलोरी कौल सरकवून आत शिरतं. कौलांखाली, रिपांच्या खालच्या बाजूने, सलग जाळी मारा आणि छपरावर लोंबणारी फांदी तोडा. गावठी कोंबड्या फणसावर चढून बसतात म्हणून त्या सुरक्षित, असं समजणंही चुकीचंच. त्या फांदीवर उदमांजर त्यांच्याहून सराईत असतं.

दाराला उंबरा हवा, म्हणजे खालची फट राहत नाही. पावसात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून फट वर्षातून दोनदा तरी तपासा. अंगठा जाईल तिथून उंदीर जातो. कडी वर एक, खाली एक. एकच असेल तर कुत्रा धक्का देऊन दाराचा कोपरा वाकवतो. हवा वरच्या जाळीतून खेळू द्या. भोकं बुजवायच्या नादात खुराडं कोंदट केलंत तर कोंबड्या आजाराने जातील.

दिवेलागणीला मूठभर तांदळाच्या कण्या आत टाका. ठरलेल्या वेळी दाणे मिळाले की कोंबड्या आपणहून परततात. नव्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, आठवडाभर आतच कोंडून ठेवलं की त्यांना घर कळतं. मोजा, अंडी उचला, उरलेले दाणे काढा, मग कडी लावा. खुडूक कोंबडी आणि पिल्लं रात्री पडवीत डालग्याखाली ठेवा, वर पाटा ठेवायला विसरू नका.

एकदा शिकार मिळालेलं जनावर पुन्हा येतं, बऱ्याचदा दुसऱ्याच रात्री. त्याच दिवशी भोक बुजवणं जमलं नाही तर सगळ्या कोंबड्या घरात घ्या. रात्रभर दिवा लावण्यावर पैसे घालवू नका, जनावरं त्याला लवकर सरावतात.

विष, फासकी किंवा तारेत करंट सोडणं यांच्या वाटेला जाऊ नका. उदमांजर, कोल्हा, रानमांजर, अजगर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष घातलेलं मांस आधी शेजारचा कुत्रा खातो. अजगर आत सापडला तर काठीने डिवचू नका. कोंबड्या बाहेर काढता आल्या तर काढा, दार लावून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवा. अजगर नेल्यावर त्याच दिवशी उजेडात त्याची आत यायची वाट शोधून बुजवा.