माती, लगदा आणि कापड एकाच टेबलावर

पंचवटीतल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत बाहुलीचं डोकं कागदाच्या लगद्याचं, हात तारेवर कापड गुंडाळलेले आणि सोबतची गाय शाडूची. तिन्ही एकदम चालतात, कारण वाळण्याची वाट बघत बसणं परवडत नाही.

सकाळी आधी लगदा. रात्रभर भिजवलेला कागद पाट्यावर वाटायचा, पिळायचा, त्यात मैद्याची खळ आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट. मोरचूद नसेल तर महिन्याभरात झुरळं नाक खाऊन टाकतात. (मोरचूद विषारी, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नका.) डोकं एकदम जाड थापू नका. पातळ थर, वाळवा, मग दुसरा. वरून टणक आणि आत ओलं राहिलं की बुरशी धरते. पावसाळ्यात एकेका थराला तीन दिवस लागतात.

तो थर वाळेपर्यंत शाडू. शाडू वाळताना आकसते, म्हणून आत तार घालू नका. तार आकसत नाही, मग माती तडकते. गाईंची चार शिंगं मोडल्यावर मला हे कळलं. अर्धवट काम ओल्या फडक्याखाली झाकायचं.

कापड शेवटी, दुपारी, हात साबणाने धुऊन. पैठणीच्या कातरणावर मातीचं बोट उठलं की जात नाही. शिंप्याकडची कातरणं मी वेगळ्या डब्यात ठेवते, झाकण घट्ट.

डोळे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. दमलेल्या हाताने बाहुली तिरळी होते.