धाप लागतेय? हृदय की फुफ्फुस हे घरी ठरवू नका. या चुका टाळा

"वय झालं आता, दुसरं काय!" पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्यांवर मध्येच टेकलेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. वयाने दम कमी होतो, पण हळूहळू. दिवाळीला न थांबता वर जाणारा माणूस संक्रांतीला दोनदा बसत असेल, तर वयाला दोष देऊ नका, तपासून घ्या.

त्याहून महागात पडणारी चूक रात्रीची. धाप लागली, छातीत शिट्टी वाजली की दमाच धरायचा आणि घरात ज्याचा असेल त्याचा पंप ओढायचा. हृदयाची डावी बाजू अशक्त झाली की रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी झिरपतं. शिट्टी तेव्हाही वाजते. आडवं पडताच धाप लागणं, उशा वाढवाव्या लागणं, झोपल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसणं, या खुणा हृदयाकडे बोट दाखवतात. पण दमाही पहाटे बळावतो. म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) दोन्ही लागू शकतात. "ईसीजी नॉर्मल आला" एवढ्यावर विषय संपत नाही.

बिघाड उलट दिशेनेही होतो. विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुरात वर्षं गेलेल्या माणसाच्या पायांवर सूज आली की घरचे मीठ कमी करतात आणि तिथेच थांबतात. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. एरवी ही सोय मोठी हुशारीची. सीओपीडीत, म्हणजे बहुधा धुरामुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या आजारात, मात्र असे भाग सगळीकडे पसरतात, वाहिन्या सगळीकडेच आकसतात आणि दाब चढतो. फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब निरोगी माणसात जेमतेम १५ मिमी (पाऱ्याचे, बीपी मोजतात तेच) असतो. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीत तो ९०च्या आसपास. एवढ्याशा दाबाची सवय असलेली हृदयाची पातळ उजवी बाजू थकते आणि सूज पायांत उतरते.

अशा रुग्णाला घरी ऑक्सिजन लावून "रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्के करूच" हा हट्ट नको. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असेल, तर डॉक्टर सहसा ८८ ते ९२ टक्केच राखतात. आणि ऑक्सिमीटरवर ९७ दिसले म्हणून हृदय ठणठणीत, असंही नाही. नेलपॉलिश किंवा गारठलेली बोटं असतील, तर आकडाच चुकतो.

दमा असेल तर बीपीची गोळी लिहून घेताना सांगा. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी श्वासनलिका आकसू शकतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो, आणि त्यावर महिनोन्‌महिने कफ सिरप पिणारे कमी नाहीत! गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

ऑपरेशननंतर, पाय प्लास्टरमध्ये असताना किंवा नागपूरहून रात्रभर बसने आल्यावर एकच पोटरी सुजली-दुखली आणि अचानक धाप लागली, तर पायातली गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. पोटरीला बाम चोळू नका, रिक्षा शोधत बसू नका. लगेच १०८ला फोन करा.