पीसी चालूच होत नाहीये? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांचा डेस्कटॉप बंद पडला, म्हणजे बटण दाबलं की पंखे फिरायचे पण स्क्रीन काळीच. काकांनी पहिल्याच दिवशी डबा उघडून रॅम काढली, पुसली, परत बसवली, तरी काही नाही. मग जुन्या पीसीतला एसएमपीएस (म्हणजे पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा) लावून बघितला, मग मदरबोर्डवरचा सेल काढून बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) रिसेट केलं, आणि चौथ्या दिवशी मदरबोर्डच गेला असं ठरवून नवीन घ्यायला निघाले होते. मी जाऊन बघितलं तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली, आणि त्यांचा प्रोसेसर एफवाला, म्हणजे त्याला स्वतःचं ग्राफिक्सच नाही. केबल खाली ग्राफिक्स कार्डला लावली आणि पीसी चालू झाला. मूळ दोष रॅमचाच होता आणि तो पहिल्याच दिवशी निघून पण गेला होता, पण सगळं परत जोडताना केबल चुकीच्या जागी गेली आणि पुढचे तीन दिवस काका नसलेला दोष शोधत राहिले.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण घरच्या पीसीत हेच सगळ्यात जास्त होतं. एक दोष असतो, त्यावर आपण घाईत दुसरा चढवतो, मग कुठला कुठला तेच कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालू करून बघायचं, फरक नाही पडला तर ती होती तशी करायची आणि मगच पुढे जायचं. डबा उघडायच्या आधी मोबाइलवर आतले चार-पाच फोटो काढून ठेवा, मागच्या केबलींचा पण एक काढा. आणि हो, आत हात घालताना प्लग भिंतीतून काढलेला पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण प्लग लावलेला आणि एसएमपीएस चालू असेपर्यंत पीसी बंद दिसला तरी मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय मिळतच असतो.

"बंद पडलाय" म्हणजे नक्की काय झालंय?

फोनवर कुणी विचारलं की मी पहिलं हेच विचारतो. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, की पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, की कंपनीचा लोगो येतो आणि विंडोज येत नाही? हे तीन वेगळे आजार आहेत. विंडोज येत नसेल तर एसएमपीएस बदलायची घाई नको, आणि डिस्प्लेच येत नसेल तर विंडोज परत टाकून काही होत नाही, कारण विंडोजपर्यंत मशीन पोचलेलंच नसतं.

काहीच होत नसेल तर

आधी तोच सॉकेट मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही मधून काढून पीसी थेट भिंतीला लावा. मागे एसएमपीएसवर छोटा काळा स्विच असतो, झाडू मारताना किंवा टेबल सरकवताना तो बंद होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या एसएमपीएसवर अजून एक लाल स्विच असतो, ११५ आणि २३० लिहिलेला, तो मात्र मुलांच्या हाताशी अजिबात येऊ देऊ नका. आपली लाइन २३० व्होल्टची आहे, स्विच ११५ वर गेला आणि चालू केलं तर एसएमपीएस तिथेच उडतो.

हे सगळं ठीक असेल तर प्लग काढून पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि परत लावा, कधी कधी तेवढ्यानेच उठतो. नाही उठला तर कॅबिनेटचं बटणच खराब नाही ना ते बघा. पाच-सात वर्षं जुन्या कॅबिनेटचं बटण आत चिकटतं किंवा तुटतं. मदरबोर्डवर त्या बटणाची बारीक दोन पिनांची वायर असते, ती काढून, एवढ्यापुरता प्लग परत लावून, त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि पीसी चालू झाला तर मदरबोर्ड, एसएमपीएस बरे आहेत, फक्त बटण गेलंय. कुठल्या दोन पिना ते मदरबोर्डच्या पुस्तकात बघूनच करा, अंदाजाने नको.

एसएमपीएस तपासायचा असेल तर दुसरा चालू असलेला लावून बघणं हाच बरा मार्ग. २४ पिनच्या प्लगमधली हिरवी आणि एक काळी वायर जोडून पंखा फिरतो का बघतात, पण पंखा फिरला म्हणजे तो लोड घेईलच असं नाही, ही गोष्ट बरेच जण विसरतात. आणि एसएमपीएसचा स्वतःचा डबा घरी उघडू नका, कृपा करून. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावर पण तो काही वेळ राहतो. आत पाल मेलीये, मुंग्यांनी घर केलंय असं वाटलं तरी तो बदला, साफ करत बसू नका.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर हा प्रकार सगळ्यात जास्त. हवेत इतका ओलावा असतो की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेतल्या पिनांवर बारीक थर चढतो, त्यात धूळ बसते आणि संपर्क सुटतो. जे पीसी रोज चालतात त्यांना आतल्या उष्णतेमुळे कमी त्रास होतो, पण गावाला जाऊन पंधरा दिवसांनी आलात की हमखास.

रॅम काढायला दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडायच्या, काही बोर्डांवर एकाच बाजूला असते. सोनेरी पट्ट्या शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासायच्या, मग मऊ फडक्याने पुसायच्या, खोडरबराचा चुरा खाचेत पडू द्यायचा नाही. इथे चुका भरपूर होतात. कुणी पॉलिश पेपर वापरतं, त्याने सोन्याचा मुलामाच निघून जातो. कुणी ओल्या फडक्याने पुसून लगेच लावतं. कुणी रॅम अर्धवट बसवतं, एका बाजूची क्लिप टक करून लागते आणि दुसरी वर राहते, वरून बघितलं तर बसल्यासारखी दिसते. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबून क्लिप आपोआप मिटली पाहिजे. उलटी बसत नाही कारण रॅमच्या पट्टीत मध्ये एक चीर असते, आणि जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा, डीडीआर३ ची रॅम डीडीआर४ च्या खाचेत कधीच बसत नाही (हे रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रकार), दोघांच्या चिरा वेगळ्या जागी असतात.

दोन स्टिक असतील तर आधी एकच लावून बघा, मग दुसरी एकटी, मग खाच बदलून. चार खाचा असलेल्या बहुतेक बोर्डांवर एक स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत आणि दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायला सांगितलेलं असतं. असं अदलाबदल करून नेमकी स्टिक खराब की खाच खराब ते कळतं, नाहीतर लोक चांगली रॅम टाकून देतात.

नवीन डीडीआर५ वाल्या पीसीत एक वेगळीच गंमत आहे. रॅम बदलली किंवा बायोस रिसेट केलं की पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची जुळणी करत बसतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी असते. लोक घाबरून एका मिनिटात बटण दाबून बंद करतात, परत चालू करतात, आणि ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून या, दहा मिनिटं तरी त्याला हात लावू नका.

डिस्प्लेच्या बाबतीत मॉनिटरची केबल तर सांगितलीच. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, जसं आय५ १२४००एफ, किंवा रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. ग्राफिक्स कार्डला वेगळी ६ किंवा ८ पिनची पॉवर लागत असेल तर ती लावलीये का बघा, आणि मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनची एक केबल असते, ती सुटली तरी पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे (म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि विंडोजची डिस्क), ज्याच्यावर येऊन थांबला तिथे दोष शोधायचा. जुन्या बोर्डांना बीप असतात, पण बीप ऐकायला छोटा स्पीकर लावलेला पाहिजे, आणि कुठल्या बीपचा काय अर्थ ते प्रत्येक बायोसचं वेगळं, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका.

चालू होतो आणि लगेच बंद

पाच-दहा सेकंदांत किंवा काही मिनिटांत बंद होत असेल तर आधी कूलर (प्रोसेसरवर बसवलेला पंखा) बघा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एक जरी वर आली तरी प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात ती) वाळून खडखडीत झाली असेल तर जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची, भरपूर लावली म्हणजे जास्त थंड होतं असं काही नाही. एएमडी प्रोसेसरच्या एएम४ प्रकारच्या बोर्डचा कूलर सरळ वर ओढू नका, वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवून कोमट करा, बंद करून प्लग काढा, कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.

धूळ काढायला मऊ ब्रश आणि ब्लोअर. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, जोरात फिरू देऊ नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

लोगो येतो पण विंडोज येत नाही

इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. माझ्या आत्याच्या पीसीवर घरातल्या लग्नाचे आणि आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. विंडोज येईना म्हणून तिने पीसी एका दुकानात दिला, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला आणि संध्याकाळी "झालं काम" म्हणून परत दिला. दोष नंतर कळला, मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि त्यामुळे बायोसची सेटिंग उडाली होती.

तो सेल म्हणजे सीआर२०३२, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो उतरला की तारीख मागे जाते, इंटरनेटवर सगळ्या साइट असुरक्षित म्हणून दाखवतात, आणि बूटचा क्रम (कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तो) किंवा सॅटाचा मोड (डिस्कशी बोलायची बायोसमधली सेटिंग) बदलतो. आधी एएचसीआय होता आणि आता रेड किंवा आयडीई झाला तर विंडोज निळी स्क्रीन देऊन थांबतं. सेल बदलून मोड परत होता तसा केला की सगळं जागेवर. डेटा तिथेच असतो, हललेला पण नसतो.

बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं तर आधी पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क सगळं काढा. मग बायोसमध्ये जाऊन आपली एसएसडी किंवा हार्ड डिस्क, म्हणजे विंडोज जिच्यावर आहे ती, यादीत दिसतेय का बघा. दिसत नसेल तर केबल बदला. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर तिला परत परत चालू करू नका, आणि डिस्क दुरुस्त करतो म्हणून चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) तर अजिबात लावू नका, मरत्या डिस्कवर तो ताण फार होतो. महत्त्वाचं जे असेल ते आधी दुसरीकडे कॉपी करायचं, आणि डिस्क दिसतच नसेल तर पीसी बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याला विचारायचं.

विंडोज ११ असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर बऱ्याच पीसीत ड्राइव्ह आपोआप लॉक झालेली असते. बायोस अपडेट किंवा रिसेट केलं की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. की तुमच्या अकाउंटमध्ये सापडते, ती पीसी चांगला चालू असतानाच कागदावर उतरवून ठेवा.

लाइट, अर्थिंग आणि यूपीएस

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ते नॉर्मल नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर मल्टिमीटरला शंभर-एकशे दहा व्होल्ट दिसू शकतात. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरवर लावणं हे त्याचं नेहमीचं कारण, किंवा सॉकेटच्या मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, हा पीसीचा नाही घराच्या वायरिंगचा दोष आहे आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

फ्रिज किंवा पाण्याची मोटर चालू झाली की पीसी रिस्टार्ट होत असेल तर बहुतेक यूपीएसची बॅटरी उतरलीये. आतली लीड अ‍ॅसिड बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षं चालते, ती बदलता येते, आख्खा यूपीएस टाकायची गरज नाही. यूपीएसवर लिहिलेले ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट असं समजू नका, घरगुती यूपीएसमध्ये ते साधारण ३६० वॉट असतं, आणि लेझर प्रिंटर त्याच्यावर कधीच लावू नका.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर

काय झालं, कधीपासून, काय काय बदलून बघितलं ते चिठ्ठीवर लिहून द्या, सोबत रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड यांच्यावरच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. डिस्प्ले न येण्याचा किंवा एसएमपीएसचा दोष असेल तर दुकानदाराला तुमची ड्राइव्ह लागतच नाही, ती काढून घरी ठेवा. सॅटाची असेल तर दोन केबल काढल्या की मोकळी होते, कॅबिनेटला स्क्रू असले तर ते काढायचे. एम.२ वाली (मदरबोर्डवरच थेट बसणारी बारीक पट्टी) बऱ्याचदा एका बारीक स्क्रूवर बसवलेली असते, ड्राइव्ह काढली की तो स्क्रू लगेच त्याच्याच जागी परत पिळून ठेवा, कारण तो हरवला तर नेमक्या मापाचा सुटा मिळवायला फार फिरावं लागतं.