आधी पुठ्ठ्याची फौज, मग मिनिएचर

लहान स्केलचे ऐतिहासिक वॉरगेमिंग (टेबलावर जुन्या लढाया खेळणे) करून पाहायचे असेल तर पहिला खर्च मिनिएचरवर, म्हणजे छोट्या सैनिकांवर, करू नका. जाड पुठ्ठा, पट्टी आणि कटर एवढ्यावर अख्खी लढाई होते. 1990 साली आलेले ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’ ऊर्फ डीबीए हे नियम त्यासाठी सोयीचे: दोन्ही बाजूंना 12-12 बेस (एकेका तुकडीचे सैनिक ज्यावर चिकटवतात ते तळ), आणि 15 मिमी उंचीच्या किंवा त्याहून लहान सैनिकांना 60 सेंमी चौरस मैदान पुरते. प्रत्येक बेस 40 मिमी रुंद. पुढून मागे खोली मात्र वेगवेगळी: दाट रांगेतले तलवार-भालेवाले 15 मिमी, विखरून लढणारे हलके पायदळ 20, घोडदळ 30. असे 24 तुकडे कापा, प्रत्येकावर प्रकार लिहा आणि पुढच्या कडेला बाण काढा. तोंड कुठे आहे ते दिसले नाही तर बगलेवरच्या हल्ल्यावरून पहिल्याच डावात वाद होतो. तीन-चार डाव खेळूनही नियम पटले नाहीत, तर वाया जातो तो फक्त पुठ्ठा.

पटले, तर एकमेकांशी खरोखर लढलेल्या दोन फौजा निवडा आणि दोन्ही स्वतःच तयार करा. समोरचा खेळाडू रिकाम्या हाताने आला तरी डाव मांडता येतो.

आता स्केल. 1/72 चा सैनिक साधारण 25 मिमी उंच भरतो, 6 मिमीचा साधारण 1/300 असतो. 1/72 मऊ प्लास्टिकच्या पेटीत बहुधा चाळीसेक पायदळ किंवा डझनभर घोडेस्वार मिळतात. पेटीत मरून पडलेले किंवा दुर्बीण लावून बसलेलेही असतात, म्हणून आकडा बघून हुरळू नका, पोझ मोजा. दुसऱ्या प्युनिक युद्धातले (रोम विरुद्ध कार्थेज) रोमन सैन्य घ्या: हस्ताती-प्रिन्सिपेस (पुढच्या रांगांचे तलवारवाले) 6 बेस, त्रिआरी (मागच्या रांगेतले भालेवाले) 2, वेलितेस (हलके पायदळ) 2, घोडदळ 2. हस्ताती-प्रिन्सिपेस आणि त्रिआरींचे बेसवर चार-चार, वेलितेस दोन, घोडेस्वार तीन, म्हणजे 36 पायदळ आणि 6 स्वार. 1/72 साठी बेस 60 मिमी रुंद करा आणि मैदान त्याच प्रमाणात 90 सेंमी. 6 मिमीत तेच पायदळ चार-चारच्या धातूच्या पट्ट्यांत येते; 20 मिमीची पट्टी असेल तर 40 मिमीच्या बेसवर दोन रांगांत 16 जण उभे राहतात. फौज फौजेसारखी दिसते ती इथे. पट्टीची लांबी मात्र मोजूनच बेस कापा, ती उत्पादकागणिक बदलते.

मऊ प्लास्टिकवर रंग टिकत नाही ही तक्रार नेहमीची. हे प्लास्टिक पॉलिथिलीन असते: त्याला रंग नीट धरत नाही, त्यात साच्यातला तेलकट थर, आणि भाला वाकला की वरचा कडक रंग तडकतो. सैनिक ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरच ठेवून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने जुन्या ब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. जोडावरची पापडी (साच्याच्या सांध्यातून आलेले जादा प्लास्टिक) नव्या पात्याने कापा; कानस लावलीत तर प्लास्टिकला कुसे येतात. वाकलेला भाला मिनिटभर कढत पाण्यात धरून चिमट्याने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. मग पांढरा फेव्हिकॉल निम्म्या पाण्यात कालवून पातळ हात द्या, वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, आणि शेवटी पुन्हा त्याच डिंकाचा हात. हा लवचिक थर भाल्याबरोबर वाकतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे सैनिक एकाच बेसवर मिसळू नका. काही जुने संच 1/76 चे असतात आणि फरक शेजारी ठेवल्यावरच खुपतो. वेगळ्या बेसवर कुणाच्या लक्षात येत नाही.

6 मिमीचे रंगकाम उलट्या विचाराने करा. डोळे, बोटे, बक्कल विसरा. बघणारा हातभर लांब असतो. पट्ट्या आइस्क्रीमच्या काड्यांवर डिंकाच्या थेंबाने चिकटवून काळा किंवा गडद तपकिरी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारा. स्प्रे वापरणार असाल तर दमट हवेत नको, पृष्ठभाग खरखरीत होतो. मग सगळ्या फौजेवर एका वेळी एकच रंग: आधी अंगरखे, मग ढाली, त्वचा, शेवटी शिरस्त्राण आणि भाल्याची टोके. प्रत्येक छटा खऱ्यापेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ घ्या, नाहीतर टेबलावर सगळे काळपट दिसतात. खोलगट भागात प्रायमर तसाच राहू द्या, तीच सावली. ब्रश चांगल्या टोकाचा 0 किंवा 1 नंबर पुरे. 000 वर टोक सैनिकाला टेकेपर्यंत रंग वाळतो. धातूचे सैनिक तासल्यावर हात धुवा, जुन्या ओतकामात शिसे असते.

बेसला 2 मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) उत्तम. पुठ्ठाच वापरायचा तर दोन्ही बाजूंना डिंक लावा. एकाच बाजूला लावलात तर वाळताना तो धनुकलीसारखा वाकतो. 6 मिमीची वाळू बारीक चाळलेली हवी, नाहीतर सैनिकांच्या पायाशी धोंडे पडलेले दिसतात. मागच्या कडेला तुकडीचे नाव लिहा. खाली मॅग्नेट शीट चिकटवून पत्र्याच्या डब्यात ठेवलेत तर भाले मोडत नाहीत. खेळताना बेस कडेने उचला, सैनिकाचे डोके धरून नाही.