२३ रकान्यांचं पाल्हाळ

२०१६ साली पहिल्या नोकरीत मला जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतलं खिडक्या-बटणं बनवायचं साधन) ग्राहक नोंदणीचा फॉर्म करायला दिला. रकाने २३. प्रत्येकाला एक लेबल, एक टेक्स्टफील्ड, रकाना कुठे आणि केवढा हे सांगणाऱ्या ग्रिडबॅगकन्स्ट्रेंट्सच्या सात-आठ ओळी आणि वर लिसनर, म्हणजे रकान्यात काही घडलं की चालणारा कोड. एक रकाना जमला की कॉपी-पेस्ट, नाव बदल, पुढे चल. संध्याकाळी फाइल पाचशे ओळींच्या वर गेली आणि मी खूश. काम दिसत होतं ना!

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगच्या मॅडमनी हाक मारली. मोबाइल नंबर चुकीचा टाकला की लाल व्हायचा पिनकोड. पेस्ट केलेल्या एका ओळीत जुनं नाव तसंच राहिलं होतं. ती ओळ सापडायला अर्धा तास गेला, कारण आजूबाजूच्या सगळ्या तिच्या जुळ्या बहिणी.

शेजारच्या सीनियरने स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "ॲडरो नावाची मेथड लिही." मेथड म्हणजे नाव देऊन हवा तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा. तिला लेबलचा मजकूर आणि फील्ड द्यायचं, मांडणी, अंतर, रांगेचा आकडा सगळं आत. फॉर्म २३ ओळींवर आला.

यात एक खाच आहे. कन्स्ट्रेंट्सचा एकच ऑब्जेक्ट सगळीकडे वापरता येतो, कारण लेआउट (रकाने मांडणारा भाग) त्याची प्रत करून ठेवतो. पण तुम्ही घातलेल्या किमती त्यात तशाच राहतात. पत्त्याच्या मोठ्या चौकटीसाठी फिल आणि वेटवाय (रकाना किती ताणायचा ते ठरवणाऱ्या किमती) बदललं, तर खालचा ईमेलचा रकानाही पत्त्याएवढा उंच झाला. तेव्हा मेथडच्या आत दरवेळी नवा ऑब्जेक्ट घ्या.

बटणांचं सोपं आहे. बटण दाबल्यावर चालणाऱ्या ॲक्शनलिसनरमध्ये एकच मेथड असते, त्यामुळे जावा ८ पासून लॅम्डाने (बिननावाच्या छोट्या मेथडने) एका ओळीत भागतं. रकान्यातला मजकूर बदलला की चालणाऱ्या डॉक्युमेंटलिसनरमध्ये तीन असतात, तिथे लॅम्डा चालत नाही. त्यातली चेंज्डअपडेट तर साध्या टेक्स्टफील्डमध्ये येतही नाही, तरी लिहावी लागते! तिन्ही मेथड एकाच ठिकाणी वळवणारा छोटा इंटरफेस एकदा करून ठेवला की सुटका.

मग मला चेव चढला. तारीख, फोटो, ड्रॉपडाउन, सगळं त्याच मेथडमध्ये कोंबलं. नऊ पॅरामीटर (मेथडला द्यायच्या किमती) झाले: ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू... सहा महिन्यांनी माझाच कोड मला वाचता येईना. त्यापेक्षा ती लांबलचक फाइल बरी होती. निदान कळत तरी होती. आता एखाद्याच रकान्यासाठी ट्रू-फॉल्स लागायला लागलं, तर तो रकाना मी सरळ बाहेर हाताने लिहितो.

नेटबीन्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचं ओढा-सोडा डिझायनर वापरावं का, असं नवीन मुलं विचारतात. एकटे असाल तर खुशाल वापरा. दोघांनी एकाच फॉर्मला हात लावला, की दोघांचे बदल मर्ज (एकत्र) करताना रडू येतं.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि त्या फॉर्मात चोविसावा रकाना घालायचा होता. ॲडरोची एक ओळ लिहून दिली. मॅडमनी तरीही आधी पिनकोडच तपासला.